निवासी छायाचित्रण शाळेतले पहिले दोन महिने: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

छायाचित्रणाच्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्यांचे फोन मला साधारण दुसऱ्या महिन्यात येऊ लागतात आणि त्यांतल्या अडचणी ठरलेल्या असतात. कार्ड पुसले गेले, हार्ड डिस्क बंद पडली, लेन्समध्ये बुरशी आली, तीन असाइनमेंट मागे पडल्या, प्रिंटला पैसे उरले नाहीत. या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे कामांचा उलटा क्रम. प्रवेश मिळाल्यापासून निघेपर्यंतचा सगळा वेळ आणि साठवलेला पैसा कॅमेरा निवडण्यात जातो आणि फाइली, झोप, ओलावा, वेळापत्रक या गोष्टी ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिल्या जातात. अशा शाळेत रोज काहीतरी काढावे लागते आणि दर आठवड्याला काहीतरी दाखवावे लागते, त्यामुळे तिथे गेल्यावर बघायला वेळ राहत नाही.

मी स्वतः अशा वर्षातून गेले आहे. खालील क्रम त्या अनुभवावर आणि नंतर इतरांच्या निस्तरलेल्या अडचणींवर बेतला आहे. उदाहरणासाठी मी निलगिरीचा परिसर धरला आहे, कारण उटीजवळच्या लव्हडेलला लाइट अँड लाइफ अकॅडमी ही छायाचित्रण शाळा २००१ पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला तिथली हवा, भाषा व अंतर या तिन्ही गोष्टी नवीन असतात. दुसऱ्या गावी जाणाऱ्यांनी हवामानाचा तपशील बदलून घ्यावा, क्रम मात्र बदलू नये.

१. निघण्यापूर्वीचे सहा आठवडे: पैशांची वाटणी

साहित्यासाठी जेवढी रक्कम हाताशी असेल, तिचा निदान तिसरा हिस्सा कॅमेरा आणि लेन्स सोडून इतर गोष्टींसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. त्यात तीन हार्ड डिस्क, तीन-चार मेमरी कार्डे, दोन जादा बॅटऱ्या, दणकट ट्रायपॉड, हवाबंद डबा आणि वर्षभराच्या प्रिंटचा खर्च येतो. प्रिंटचा खर्च जवळजवळ कोणीच धरत नाही, आणि शेवटच्या तिमाहीत नेमका तोच अंगावर येतो.

कॅमेरा म्हणून हाती असलेली, मॅन्युअल नियंत्रण व रॉ (सेन्सरवरची, प्रक्रिया न केलेली) फाइल देणारी कोणतीही बॉडी सुरुवातीला चालते. सोबत किटमधली झूम लेन्स आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स असली की पहिल्या दोन महिन्यांच्या असाइनमेंट पार पडतात. ‘शाळेत सगळ्यांकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा) असेल’ या भीतीने घरच्यांना कर्ज काढायला लावू नये. नवी लेन्स कधी घ्यायची, ते शेवटच्या टप्प्यात सांगितले आहे.

प्रत्येक वस्तूचे बिल, सिरीयल नंबर आणि फोटो एका ठिकाणी ठेवून त्याची एक प्रत घरी द्यावी. विमा उतरवताना आणि चोरीची तक्रार नोंदवताना हीच माहिती मागितली जाते.

तपासणी: डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतःच्या कॅमेऱ्यावर अॅपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदलता येतात का? येत नसतील, तर उरलेले दिवस नव्या खरेदीत न घालवता या सरावात घालवावेत.

२. प्रवास आणि खोली

पुणे किंवा सोलापूरहून कोइमतूरला जाणारी थेट रेल्वेगाडी सोयीची पडते, तिथून उटी रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर आहे. मेट्टुपाळयमहून वर जाणारी टॉय ट्रेन सुंदर असली, तरी ती ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास घेते आणि पावसात दरड कोसळल्यास बंद राहते. वर्षभराचे सामान घेऊन पहिल्याच दिवशी तिच्या भरवशावर राहू नये. घरची मंडळी गाडीने सोडायला येणार असतील, तर बाहेरून निलगिरीत येणाऱ्या खासगी वाहनांना मे २०२४ पासून ई-पास काढावा लागतो, हे त्यांना आधी सांगावे. जिल्ह्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर निर्बंध असल्याने स्टीलची बाटली सोबत असू द्यावी.

शाळा सुरू होण्याच्या निदान तीन दिवस आधी पोहोचावे. या तीन दिवसांत टेबल आणि प्लग पॉइंट यांची जागा ठरवावी, सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि खिडकीसमोर पडदा टांगावा, म्हणजे मॉनिटरवर थेट उजेड येणार नाही. मेसमध्ये भात आणि सांबार रोजचे असते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे एवढे सोबत असले की रात्री उशिरा उपाशीपोटी काम करण्याची वेळ येत नाही. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पहिल्या महिन्यात आजारी पडणारे विद्यार्थी बहुधा जेवण चुकवणारेच असतात.

३. फाइलींची व्यवस्था: पहिल्या असाइनमेंटच्या आधी

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त भर देते, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

प्रथम हिशेब करावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसाला २०० फ्रेम, आठवड्याला सहा दिवस आणि वर्षाला ४० आठवडे धरले, तर नुसत्या रॉ फाइली सव्वा टेराबाइटच्या आसपास जातात. त्यात एडिटिंगनंतरच्या १६ बिटच्या टिफ फाइली धरल्या पाहिजेत. अशी एका लेयरची फाइलसुद्धा १४० एमबीच्या पुढे जाते. म्हणून दोन टेराबाइटची एक डिस्क कामासाठी आणि तेवढ्याच किंवा तिच्याहून मोठ्या आणखी दोन डिस्क प्रतींसाठी, ही किमान गरज समजावी.

नियम असा की प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असावी. होस्टेलचे इंटरनेट रोजच्या रॉ फाइली वर चढवण्याइतके चांगले असेलच असे नाही, त्यामुळे क्लाउडवर फक्त निवडलेल्या फाइली ठेवाव्यात आणि पूर्ण प्रत असलेली तिसरी डिस्क दुसऱ्या इमारतीत राहणाऱ्या बॅचमेटकडे ठेवावी, त्याची आपल्याकडे ठेवून घ्यावी. आठवड्यातून एकदा ती ताजी करून परत द्यावी. दिवाळीला घरी जाताना तोवरच्या कामाची एक प्रत घरच्या कपाटात ठेवून यावे.

रोजचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा आणि थकवा कितीही असला तरी तो मोडू नये.

१) कार्डावरून फाइली कॉपी कराव्यात, ‘मूव्ह’ करू नयेत.
२) फाइलींना तारीख, असाइनमेंट आणि अनुक्रम अशी नावे द्यावीत, उदाहरणार्थ २०२५०७१४_स्टुडिओ०३_००४२. प्रत्यक्षात हे रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता टाइप करावे. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की संगणक त्या आपोआप कालानुक्रमे लावतो.
३) लगेच दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी.
४) कार्डावरील आणि डिस्कवरील फाइलींची संख्या जुळते का ते पाहावे आणि कोणत्याही दहा फाइली पूर्ण आकारात उघडून पाहाव्यात.
५) त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉर्मॅट करावे.

वापरलेले कार्ड पाकिटात उलटे ठेवण्याची सवय लावावी. उलटे दिसले की ते अजून रिकामे करायचे आहे असे समजावे. पाचव्या आठवड्यात मी चौथी पायरी गाळली. डिस्कवर फोल्डर दिसत होते, म्हणून कार्ड फॉर्मॅट केले, आणि रात्री पाहिले तर कॉपी अर्ध्यावर थांबलेली होती. पहाटे साडेचारला उठून भाजी मंडईत काढलेल्या १८० फ्रेमपैकी ७४ उरल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, पण आदल्या दिवशीचे धुके नव्हते. दहा फाइली उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

इशारा: लाइटरूमसारखे सॉफ्टवेअर वापरत असल्यास वर्षभरासाठी एकच कॅटलॉग (छायाचित्रांची नोंद ठेवणारी फाइल) ठेवावा आणि फोल्डरची नावे किंवा जागा नेहमी त्या सॉफ्टवेअरमधूनच बदलाव्यात. बाहेरून बदलल्या, तर कॅटलॉगला फाइली सापडत नाहीत आणि सबमिशनच्या रात्री पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

४. ओलावा आणि थंडी

उटी सुमारे २,२४० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा साडेआठशेहून अधिक मीटर उंचावर आहे. दसऱ्याला पाऊस संपतो हा आपला हिशेब तिथे चालत नाही, कारण जून ते सप्टेंबरचा पाऊस झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या वाऱ्यांचा पाऊस पुन्हा येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याजवळ उतरते.

लेन्सच्या बुरशीला ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि अंधार पुरतो, आणि कॅमेऱ्याची गादीवाली बॅग या दोन्ही गोष्टी पुरवते. म्हणून बॅग फक्त ने-आण करण्यासाठी वापरावी. खोलीत आल्यावर साहित्य रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापकासह ठेवावे आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. खूप कोरडे करणेही लेन्समधल्या वंगणाला चांगले नाही. निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, त्यामुळे ते जेवणाच्या भांड्यात कधीही गरम करू नये.

थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेऱ्यावर दव धरते. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि खोलीत आल्यावर तासभर पिशवी उघडू नये; कार्ड मात्र बाहेरच काढून घ्यावे, म्हणजे कॉपीचे काम थांबत नाही. जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी.

तपासणी: महिन्यातून एकदा अॅपर्चर पूर्ण उघडून लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार पाडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसल्यास ती लेन्स ताबडतोब इतर साहित्यापासून वेगळी करावी.

५. स्टुडिओ: एका वेळी एकच दिवा

स्टुडिओत पहिल्या आठवड्यात होणारी चूक म्हणजे तीन दिवे लावून मग कोणता काय करतो ते शोधत बसणे. सर्व दिवे बंद करून एक लावावा, त्याची जागा, उंची आणि अंतर पक्के करावे, आणि त्याने जे साधत नाही तेवढ्यासाठीच दुसरा आणावा. पुष्कळदा दुसऱ्या दिव्याऐवजी थर्माकोलची पांढरी शीट पुरते.

सरावाला मॉडेलची गरज नसते. पांढऱ्या कागदावर ठेवलेले अंडे, स्टीलचा पेला आणि तेलाची काचेची बाटली या तीन वस्तूंत पहिल्या दोन महिन्यांचा प्रकाश शिकून होतो. अंड्यावर उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा कळते. पेल्यात आपण, कॅमेरा आणि छतावरची ट्यूबलाइटसुद्धा दिसते, त्यामुळे पेल्याचा फोटो म्हणजे त्यात उमटणाऱ्या खोलीचा फोटो असतो, आणि पांढरे-काळे कागद भोवती कुठे उभे करायचे हे त्यातून कळते. बाटलीला समोरून उजेड दिला तर ती मळकट दिसते, मागून दिला तर तेल उजळते.

प्रत्येक सेटअपचे वहीत चित्र काढावे आणि दिव्याचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे, कारण अंतराचा परिणाम डोळ्यांना वाटतो त्याहून मोठा असतो. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की वस्तूवर चौथा हिस्सा प्रकाश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). आधी एफ ८ ला बरोबर असलेले एक्सपोजर आता एफ ४ ला मिळेल. एक मीटरवरून १.४ मीटरवर नेला तर एक स्टॉप कमी होतो. ही दोन उदाहरणे पाठ असली की नुसते आकडे फिरवत बसण्याचा वेळ वाचतो.

इशारा: स्टँडचा एक पाय दिव्याच्या वजनाच्या दिशेने असावा आणि वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय स्टँड सोडून जाऊ नये. पॅकला (फ्लॅशला वीज पुरवणाऱ्या पेटीला) फ्लॅशचा हेड जोडण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी पॅक बंद करून साठलेली वीज डम्प करावी, म्हणजे सोडून द्यावी. फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी आली, तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जास्त शटर वेगाच्या) वर गेले आहे का ते आधी पाहावे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते.

६. आठवडा उलटा मोजणे

असाइनमेंट शनिवारी द्यायची असेल, तर शुक्रवार प्रिंटसाठी, गुरुवार निवडीसाठी आणि एडिटिंगसाठी, आणि बुधवार हा छायाचित्रे काढण्याचा शेवटचा दिवस, असे मागे मोजत यावे. असाइनमेंट मिळाल्याच्या दिवशीच स्टुडिओची वेळ नोंदवावी. विषय सुचल्यावर नोंदवू म्हणणाऱ्यांच्या वाट्याला रात्री अकराची वेळ येते. पहिला प्रयत्न सोमवारीच करावा. तो फसतो, आणि का फसला ते मंगळवारी कळते. तसे कळायला आठवड्यात जागा ठेवणे, हाच या वेळापत्रकाचा हेतू आहे.

रंगाचे काम मध्यरात्रीनंतर करू नये. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, कॅलिब्रेशनमध्ये (मॉनिटरचे रंग प्रमाणाशी जुळवताना) पांढरा रंग डी ६५, गॅमा २.२ आणि उजळपणा १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवावा. प्रिंट काळपट येते ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि दोष प्रिंटरला दिला जातो. मॉनिटर गरजेपेक्षा जास्त उजळ असणे हेच त्याचे नेहमीचे कारण असते.

झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नये. सलग जागरणे केलेल्या विद्यार्थ्याकडूनच कार्ड चुकीचे फॉर्मॅट होते आणि स्टँडही त्याच्याच हातून पडतो.

७. क्रिटिक

क्रिटिकला, म्हणजे आपले काम सर्वांपुढे मांडून त्यावर चर्चा होते तिथे, मोबाइलवर फोटो घेऊन जाऊ नये. चाळीसेक फ्रेमच्या चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट काढून आदल्या रात्री जमिनीवर मांडाव्यात, त्यांतून आठ निवडाव्यात आणि क्रम लावावा. निवड करताना ‘ही काढायला किती त्रास झाला’ ही आठवण बाजूला ठेवावी लागते, आणि त्यासाठी एखाद्या बॅचमेटचा परका डोळा उपयोगी पडतो.

आपल्या कामावर बोलणे सुरू झाले की सफाई देऊ नये. मान खाली घालून लिहीत बसल्यास बोलणाऱ्याचे अर्धे म्हणणे निसटते, म्हणून टिपणे घेण्याचे काम शेजारच्याला सांगावे आणि त्याच्या वेळी आपण करावे. त्याच रात्री तीन ओळी लिहाव्यात: काय पोहोचले, काय पोहोचले नाही, आणि पुन्हा काढताना नेमके काय बदलणार. पुन्हा काढणे सात दिवसांत व्हावे. त्यानंतर ते होत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. क्रिटिक बहुधा इंग्रजीत चालते आणि आपली मुले तिथे गप्प बसतात. शिकवणारे त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘याला काही म्हणायचे नाही’ असा घेतात, आणि ही समजूत एकदा रुजली की वर्षभर पुसली जात नाही. यावर उपाय आहे. आपल्या मालिकेबद्दल आधी मराठीत दहा ओळी लिहाव्यात, त्यांतल्या चार निवडून सोप्या इंग्रजीत कराव्यात आणि मोठ्याने वाचून पाहाव्यात. रोज कानावर पडणाऱ्या संज्ञांची वही ठेवून प्रत्येकीपुढे मराठीत अर्थ आणि स्वतःच्या एका फोटोचा क्रमांक लिहावा. सहा आठवड्यांत बोलण्यातला अडखळा बराच कमी होतो, आणि मराठीत विचार स्पष्ट झालेला असल्याने बोलणे नेमके होते.

८. बाहेर छायाचित्रे काढताना

माणसांचे फोटो काढण्याआधी विचारावे. ‘फोटो एडुक्कलामा?’, म्हणजे ‘फोटो काढू का?’, एवढे तमिळ पहिल्या दिवशी शिकता येते. थोरल्या भावासाठी ‘अण्णा’ आणि थोरल्या बहिणीसाठी ‘अक्का’ हे शब्द तिथेही आहेत, आणि अनोळखी माणसालाही तसे म्हटलेले चालते, त्यामुळे बोलण्याची सुरुवात जड जात नाही. दिलेला शब्द पाळून प्रिंट परत नेऊन द्यावी. दुसऱ्यांदा दार उघडते ते त्यामुळेच.

चहाचे मळे खासगी किंवा कंपन्यांच्या मालकीचे असतात, तिथे पर्यवेक्षकाची परवानगी घ्यावी. तोडा या निलगिरीतल्या आदिवासी लोकांच्या वस्तीत बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि त्यांच्या देवळात शिरू नये. ज्यांचे चेहरे ओळखू येतात असे फोटो पुढे व्यावसायिक कामात वापरायचे असतील, तर सहीचे संमतिपत्र त्याच वेळी घ्यावे.

इशारा: राधानगरीत लांबून पाहिलेला गवा निलगिरीत रस्त्याच्या कडेला आणि मळ्यातही उभा असतो. तो शांत दिसला म्हणून जवळ जाऊ नये, आणि पहाटेच्या धुक्यात एकट्याने जाऊ नये. वनक्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये.

९. आठव्या आठवड्याची तपासणी आणि मगच लेन्स

आठ आठवडे झाले की एक दिवस नवीन काही न काढता बसावे. सर्व डिस्क जोडून कोणतीही जुनी असाइनमेंट प्रतीवरून उघडते का ते पाहावे. प्रिंटसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोजावी. राहिलेल्या असाइनमेंटची यादी शिक्षकांपुढे स्वतःहून ठेवावी. दोन मागे असताना वाट निघते, पाच झाल्यावर निघत नाही.

त्यानंतर कॅटलॉगमध्ये फक्त निवडलेली छायाचित्रे समोर घेऊन फोकल लेंग्थनुसार (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्यानुसार) वर्गवारी करावी. क्रिटिकमध्ये टिकलेली बहुतेक कामे ३५ मिलिमीटरच्या आसपास असतील, तर ८५ ची लेन्स घेण्याचे कारण नाही. खूपशी कामे झूमच्या टोकाला अडलेली दिसली, तर त्या दिशेची लेन्स एका आठवड्यासाठी भाड्याने किंवा बॅचमेटकडून घेऊन त्यावर एक पूर्ण असाइनमेंट करावी. ती असाइनमेंट आधीच्यांपेक्षा सरस ठरली, तरच लेन्स विकत घ्यावी, आणि तिचे बिल व सिरीयल नंबर त्याच दिवशी घरच्या यादीत जोडावे.